पक्कड देत नाही, मी येते

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर भूगोलाच्या बाईंनी आपली पक्कड मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. मुख्याध्यापकांनी ती खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. बाई सातवीच्या वर्गावर गेल्या. मी आठवीच्या.

त्यानंतर बाई आणखी काही वर्षं जगल्या. पण त्यांच्याविषयी लिहायला बसले की माझं मन त्या मंगळवारपाशी अडतं. बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. दुःखाला मी थोडी सरावले आहे. रागाला नाही.

पक्कड म्हणजे ज्याला दुकानात मल्टिटूल म्हणतात ते. मिटलं की तळहाताएवढी पोलादी पट्टी; उघडलं की पुढे पकडीचा जबडा, आणि दोन्ही मुठींच्या पोटात कात्री, दोन तऱ्हेचे स्क्रूड्रायव्हर, कानस, डबा उघडायची चीप आणि बोटाएवढा चाकू. बाई या सगळ्याला पक्कडच म्हणत. परळच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा ती त्यांच्याकडे आधीपासून होती. त्यांच्या कापडी पिशवीत आतल्या बाजूला जीनच्या तुकड्याचा एक खिसा त्यांनी स्वतः शिवला होता, हात घातला की पहिली पक्कडच लागावी म्हणून. "पर्सच्या तळाला गेलेली वस्तू घरी राहिल्यासारखीच," असं त्या म्हणत.

पहिल्याच आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी निसटली. मी स्टाफरूममध्ये म्हटलं, "बाई, तुमचं ते जरा देता का?"

"देत नाही," बाई म्हणाल्या. "मी येते."

माझ्यात आणि त्यांच्यात एक टेबल होतं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, चष्मा हातात घेतला, स्क्रू पिळला, काच पदराला पुसली आणि परत जाऊन बसल्या. शेजारी हिंदीचे सर बसले होते. ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचं नशीब समजा. माझ्या घरचा नळ गळत होता तर ह्या डोंबिवलीला आल्या. मी म्हटलं, उद्या परत आणून देतो. नाही! रविवारी सकाळी दारात उभ्या."

"आणि नळ?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नळ बंद झाला. पण माझ्या बायकोला तुम्ही पोहे चुकीचे भिजवते म्हणालात."

"चुकीचेच भिजवत होती."

पक्कड कुणाच्या हातात द्यायची नाही हा त्यांचा नियमच होता. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे, कंजूषपणाही वाटे. पण नीट पाहिलं तर त्यात बाईंचाच वेळ जाई. लालबागला त्यांच्या इमारतीत कुणाच्या गॅसच्या शेगडीचा खटका अडकला, कुणाच्या पोराच्या खेळण्यातले सेल बदलायचे झाले, की बाई जिने चढत. मी एकदा त्यांना विचारलं, देऊन टाकलं तर काय होईल? त्या म्हणाल्या, "दिली की माणूस जबड्यानं खिळा ठोकतो. चाकूनं स्क्रू फिरवतो. मग पातं तुटतं, आणि वर मलाच म्हणतो, वस्तू हलकी होती."

गणपतीच्या दिवसांत त्यांच्या इमारतीसमोरून दर्शनाची रांग जाई. बाई फाटकाशी स्टूल टाकून बसत. रांगेतल्या बायकांच्या चपलांचे अंगठे तुटत, पर्सच्या चेनी अडकत, लहान मुलींच्या पैंजणांचे आकडे निसटत. पायात चप्पल तशीच ठेवून बाईंसमोर पाय पुढे करायचा, त्या खाली वाकून अंगठा ओवून जबड्यानं दाबून देत. एका वर्षी बंदोबस्तावरचा एक हवालदार तिथे येऊन उभा राहिला.

"मावशी, पट्ट्याचं बक्कल सैल झालंय हो. दुपारपासून एका हातानं पँट धरून गर्दी हटवतोय."

"सरळ उभा राहा. पोट आत घे."

"आतच आहे मावशी."

"हे आत?"

रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंनी बक्कल दाबून दिलं. हवालदारानं पक्कड डोळे भरून पाहिली आणि विचारलं, "कुठे मिळते?" पोलिसाच्या वर्दीपासून वीतभर अंतरावर ती उघडी होती, आणि हे शस्त्र आहे असं त्यालाही वाटलं नाही, रांगेतल्या कुणालाही वाटलं नाही. मला हे मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

मॉलच्या दारात मात्र वाटे. तिथे बायकांच्या तपासणीच्या पडद्यामागे पिशवी उघडली जाई आणि आतली मुलगी दचकून म्हणे, "आंटी, ये अंदर नहीं चलेगा. इधर जमा करो." बाई तिच्यावर कधी चिडत नसत; "तिला नोकरी आहे," म्हणत. पण जमाही करत नसत. "म्हणजे माझी वस्तू तुमच्याकडे आणि मी तुमच्या दुकानात. मला साबण नको," असं म्हणून त्या वळत आणि मला फुटपाथवर गाठून तावातावाने बोलत. दादरच्या फुटपाथवर भाजी घेईपर्यंत त्यांचा राग टिके. एकदा त्या विमानानं दिल्लीला बहिणीकडे गेल्या. केबिनमध्ये चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून एक बॅग खास तिच्यासाठी सामानात दिली. बॅगेत टॉवेल, टॉवेलात पक्कड, आणि वजन फारच कमी दिसू नये म्हणून बहिणीला दोन किलो लालबागचा मसाला. परत आल्यावर दिल्लीविषयी विचारलं तर म्हणाल्या, "जाताना दोन तास काही सुचलं नाही. समोरच्या सीटचा ट्रे डुगडुगत होता."

पक्कड विकत कशी घ्यावी याविषयी त्यांची मतं इतकी ठाम होती की लोहार चाळीतले दुकानदार त्यांना पाहून आत निरोप पाठवत असावेत. भाच्याला पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्याच्यासाठी घ्यायला त्या निघाल्या आणि मला बरोबर नेलं. दुकानदारानं आधी गुलाबी रंगाची एक चिमुकली वस्तू पुढे केली.

"आंटी, ये लेडीज पीस. एकदम हल्का."

"भाऊ, स्क्रू बाईचा हात बघून सैल होतो का?"

त्यानं मग मोठी काढली, तीत इतक्या गोष्टी होत्या की सगळ्या उघडल्यावर ती साळिंदरासारखी दिसायला लागली. बाईंनी एकेक पट्टी निरखली. "ही कशाला?"

"मच्छी का खवला निकालने का."

"माझी आत्या विळीवर काढते. तिला विचारून सांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाती जितकी जास्त, तितकं हवं ते नखाला सापडत नाही. आपल्याला रोज काय लागतं ते आधी ठरवायचं. कात्री. मग स्क्रूड्रायव्हर. मग जबडा. चाकू सगळ्यात शेवटी. आणि लोकांना दिसतो तो तेवढाच."

त्यानंतर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, काउंटरवरच दोन्ही हात ओले केले आणि त्या ओल्या हातांनी एकेक पक्कड उघडून बघायला लागल्या. दुकानदार ओरडला, "अरे अरे, पानी मत लगाव, माल खराब होगा!"

"पाण्यानं खराब होणार असेल तर मला आत्ताच कळू दे," बाई म्हणाल्या. "कोरड्या हातानं सगळंच उघडतं. वेळेला हात कोरडा असतो का कुणाचा?"

चौथी की पाचवी पक्कड ओल्या हातानं, न घसरता, एका अंगठ्यानं उघडली. पातं उघडल्यावर खटकन अडकलं आणि दाबल्याशिवाय मिटेना. ती त्यांनी घेतली. दुकानदार पाणी पुसत होता. बाईंनी रुमाल काढून त्याचा काउंटर स्वतः कोरडा करून दिला.

मलाही एक घ्यावीशी वाटली. तसं म्हटल्यावर त्या खूश होतील असं वाटलं होतं, त्या उखडल्या. "काय करणार आहेस तिचं?"

"तुमच्यासारखी जवळ ठेवीन."

"जवळ ठेवणं हेच तर काम आहे. बाकीचं कुणीही करतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक लोखंडी माप ठेवलं, दोनशे ग्रॅमचं. त्यांच्या इमारतीखालच्या मसालेवाल्यानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तेव्हा त्याची जुनी मापं त्यांनी मागून आणली होती. "पक्कड साधारण एवढीच भरते. आधी हे वागव," त्या म्हणाल्या. "शाळेत, बाजारात, गावाला जाशील तिथे. खांदा दुखतोय म्हणून ज्या दिवशी काढून ठेवशील, त्या दिवशी समज तुला पक्कड नको, नखाएवढी कात्री पुरे. त्यात लाज नाही. पण मे महिन्यापर्यंत पिशवीतच राहिलं, तर मी येते तुझ्याबरोबर दुकानात."

मी माप पिशवीत टाकलं. मे महिन्याच्या आधी तो मंगळवार आला.

त्या वर्षी शाळेनं मुलांच्या ओळखपत्रांना नव्या रिबिनी आणल्या होत्या. जुन्या रिबिनींना मानेपाशी प्लॅस्टिकचा खटका असे, ओढलं की सुटायचा, म्हणून ओळखपत्रं हरवायची. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टनं म्हणून खटका नसलेल्या, दुहेरी शिलाईच्या रिबिनी करून घेतल्या. शाळेचं नाव विणलेल्या. बाईंनी स्टाफ मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "गळ्यात घालायची वस्तू ओढली की सुटली पाहिजे." मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ओळखपत्र आहे, दागिना नाही." सगळे हसले. बाई खाली बसल्या.

सातवीला बंदर शिकवताना बाई दर वर्षी मुलांना माझगावच्या टेकडीवरच्या बागेत नेत. तिथून गोदी दिसते. त्या वर्षी मीही बरोबर होते, आणि मदतीला एक पालक होते, ते मुलांचे फोटो काढत होते. बसमधून सगळ्यात शेवटी एक मुलगी उतरली. उडी मारून उतरली, आणि तिच्या पाठोपाठ बसचं दार मिटलं. ओळखपत्र दारात अडकलं. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत होता. त्यानं गाडी पुढे घेतली. मुलगी बसबरोबर धावायला लागली. तिला ओरडता येत नव्हतं. आम्ही ओरडलो.

बाई ओरडल्या नाहीत. त्या धावल्या. त्यांचं वय तेव्हा निवृत्तीला आलेलं. धावता धावताच त्यांचा हात पिशवीतल्या त्या खिशात गेला. रिबीन तुटली, मुलगी बाईंच्या अंगावर पडली आणि दोघी फुटपाथवर बसल्या. बस थोडी पुढे जाऊन थांबली. मुलीच्या मानेवर शाळेच्या नावाची अक्षरं उलटी उमटली होती.

बाईंनी तिला पाणी पाजलं, पक्कड पुसून मिटवली आणि मग मुलांना गोदी दाखवली. मुलगी त्यांचा पदर धरून उभी होती.

त्या पालकांनी काढलेल्या फोटोंमध्ये एक फोटो होता. त्यात बस दिसत नाही, एक पांढरा पत्रा दिसतो. मुलीचं उघडं तोंड दिसतं, बाईंचा हात दिसतो आणि मुलीच्या गळ्याशी चकाकणारं पोलाद. बाकीच्या फोटोंबरोबर त्यांनी तो ग्रुपवर टाकला, बाईंनी जीव वाचवला असं खाली लिहून. खालचं कुणी वाचलं नाही. संध्याकाळपर्यंत तो फोटो परळ-लालबागमध्ये फिरला. तक्रार केली ती ज्यांचं मूल सहलीला गेलंच नव्हतं अशा एका पालकांनी. शिक्षिका मुलांमध्ये चाकू घेऊन फिरते.

मंगळवारी सकाळी त्या मुलीची आई ऑफिसात आली. परळच्याच एका हॉस्पिटलात ती नर्स होती. ड्यूटीवरून तशीच आली होती.

"सर, पोरगी माझी. मान तिची. तक्रार माझी नाही. मग तक्रार आहे कुणाची?"

"मॅडम, तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलंय. पण इतर पालकांच्या भावना..."

"त्यांच्या भावनांना काय झालं? त्यांच्या गळ्यात रिबीन होती का?"

मुख्याध्यापकांनी तिला चहा विचारला. ती चहा न घेता गेली, जाताना बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला अर्ध्यातच उठवलं.

मग आत फक्त मुख्याध्यापक, ट्रस्टचे एक सभासद, बाई आणि साक्षीदार म्हणून मी. मी बोलायला लागले तर सभासद म्हणाले, "तुम्हाला विचारू तेव्हा बोला." मला विचारलं नाही.

"चाकू तुम्ही शाळेत का आणता?" त्यांनी बाईंना विचारलं.

"चाकूनं कापलं नाही. कात्रीनं कापलं. लहान मुलाच्या गळ्याशी मी चाकू नेईन का? दाखवते." बाईंनी पक्कड पुढे धरली आणि मूठ उलगडायला लागल्या.

"उघडू नका! उघडू नका!" मुख्याध्यापक खुर्चीसकट मागे सरकले.

"उघडल्याशिवाय तुम्हाला दिसणार कशी?"

"आम्हाला बघायची नाही."

त्या खोलीत चौघंजण होतो ज्यांना लिहिता-वाचता येत होतं, पदव्या होत्या, आणि त्यांतल्या दोघांनी ती वस्तू न बघता तिच्याबद्दल निर्णय घेतला. रिबिनीबद्दल एक शब्द निघाला नाही. बाईंनीच तो काढला, तर सभासद म्हणाले, "विषय बदलू नका."

बाईंनी अजूनही पक्कड पिशवीत घातली असती आणि चालू लागल्या असत्या, मॉलच्या दारातून निघत तशा. पण मुख्याध्यापक म्हणाले, वस्तू जमा केली नाही तर पुढच्या आठवड्यातली हर्णैची सहल रद्द करावी लागेल. सातवीची मुलं वर्षभर तिची वाट पाहत होती. बाई त्यांना भरती-ओहोटी दाखवणार होत्या.

"जमा केली तर सहल होईल?"

"होईल."

बाईंनी पक्कड टेबलावर ठेवली. कुणाच्या हातात दिली नाही.

सहल रद्द झाली. गुरुवारी नोटीस लागली, कारण दिलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये शाळेत नव्या रिबिनी आल्या, मानेपाशी प्लॅस्टिकचा खटका असलेल्या. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

बाई त्यानंतर मार्चअखेरीस निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल आणि चांदीचा मुलामा दिलेला गणपती दिला. बाई माईकसमोर एवढंच म्हणाल्या, "माझी पक्कड द्या, आणि कात्री होती असं लिहून द्या." लोकांना तो विनोद वाटला, टाळ्या पडल्या. पक्कड तोपर्यंत ट्रस्टच्या गिरगावातल्या ऑफिसात गेली होती. मग त्या गिरगावला खेपा घालायला लागल्या. साहेब नाहीत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. अर्ज करा. अर्ज कुठे आहे बघावा लागेल. मी एकदा म्हटलं, "बाई, दुसरी घ्या ना. मी येते लोहार चाळीत."

"दुसरी घेतली म्हणजे पहिली मी सोडली असं होईल," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांची पिशवी हलकी राहिली. हात मात्र त्या खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. शेजारी बोलवायला आले तर त्या म्हणत, "येते, पण येऊन काय करू?" हळूहळू शेजारी यायचे थांबले.

शेवटी त्या पोटाच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचं लक्ष शेजारच्या खाटेकडे होतं. "अगं, त्या बाईंच्या सलाईनचा स्टँड बघ कसा डुगडुगतोय. एक स्क्रू सैल आहे फक्त. कुणाला दिसत कसं नाही?" त्यांनी उशाशी हात नेला, मग तो चादरीखाली घेतला. मी नर्सला सांगून आले. स्टँड दुसऱ्या दिवशीही डुगडुगत होता. त्याच्या पुढच्या दिवशी बाई नव्हत्या.

त्या गेल्यावर बहिणीच्या सहीचं पत्र घेऊन मी गिरगावला गेले. ऑफिसात एक तरुण क्लार्क होता, नवीन, हसतमुख. टेबलावर पुस्तकांचं पार्सल होतं. "एक मिनिट हं मॅडम," म्हणत त्यानं खण उघडला, पक्कड काढली, सरावानं अंगठ्यानं कात्री उघडली आणि पार्सलची पट्टी कापली.

मी बघत राहिले. त्याला वाटलं मला ती आवडली.

"एक नंबर वस्तू आहे मॅडम. ऑफिसात कधी कात्री सापडायची नाही. आता सगळं ह्यानंच. साहेबसुद्धा ह्यानंच लिफाफे फोडतात."

"जास्त काय वापरता?"

"कात्रीच. धार बघा ना."

"आणि चाकू?"

"चाकू?" त्यानं पक्कड उलटीसुलटी करून पाहिली. "चाकू कशाला लागतोय इथे?"

मी पत्र पुढे केलं. ही बाईंची आहे, म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. वाईट मुलगा नव्हता. पण ती ऑफिसच्या सामानात लागली होती, साहेबांच्या सहीशिवाय त्याला देता येत नव्हती, आणि साहेब नव्हते. तो हळूच म्हणाला, "मॅडम, असं करा. काम असेल तर दोन दिवस घेऊन जा. पण परत आणून द्या."

"ती कुणाला अशी देत नाहीत," मी म्हटलं आणि जिना उतरले.

मी अजून दर महिन्याला जाते. साहेब अजून भेटलेले नाहीत. पक्कड त्या ऑफिसच्या खणात आहे. कात्री होती असं कुणी लिहून दिलेलं नाही. दोनशे ग्रॅमचं माप माझ्या पिशवीत आहे.